चौथा थांबा

माझ्या मामाबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे डोक्याला ताप आहे. दहा-बारा पावलं बरी जातात. मग त्याचं आणि तुमचं पाऊल एका वेळी पडायला लागलं, की तो मध्येच थबकतो, पाय बदलतो आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे चालू लागतो. मागून येणारा त्याच्या पाठीवर आदळतो. मामी तर त्याच्याबरोबर चालतच नाही. "यांच्यासोबत बाजारात जायचं म्हणजे शिकाऊ ड्रायव्हरच्या बसमध्ये बसायचं," असं ती म्हणते आणि हातभर अंतर ठेवून पुढे निघते.

हा माणूस शूर आहे, असं सरकारने लेखी दिलेलं आहे. त्याचं पदक मामीच्या शिवणाच्या डब्यात सुट्या बटणांच्या खाली असतं. एकदा पाहुण्यांनी हौसेने बघायला मागितलं, तर मामीला आधी हुकांची पुडी सापडली, मग मोजमापाची टेप, मग कात्री आणि सगळ्यात शेवटी पदक. मामाने ते कधी छातीवर लावलेलं मी पाहिलेलं नाही. शाळेत असताना मी एकदा हट्टच धरला, की लाव आणि आमच्या वर्गात ये. जो मामा माझ्यावर कधी आवाज चढवत नाही, तो म्हणाला, "हा विषय पुन्हा काढायचा नाही." मी कानाला खडा लावला.

मामा पायदळाच्या पलटणीत होता, पण खांद्यावरच्या बंदुकीपेक्षा त्याच्या गळ्यात ढोलच जास्त वेळ असायचा. पलटणीचा स्वतःचा बँड होता आणि त्यातला मोठा ढोल मामा वाजवायचा. मोठा ढोल वाजवणारा आडवातिडवा असावा अशी लोकांची अपेक्षा असते. मामा उंच आणि काटकुळा. लांबून बघणाऱ्याला ढोलालाच दोन पाय फुटलेत असं वाटायचं म्हणे. ही माहिती मला त्याचे मित्र पिपाणीकाका यांनी पुरवली. ते त्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, म्हणून मामा त्यांना पिपाण्या म्हणतो आणि ते मामाला ढोल्या. दोघांना एकमेकांची खरी नावं सांगायला लावली, तर जरा वेळ डोकं खाजवतील.

बँड म्हणजे समारंभाची शोभा, असं लोकांना वाटतं. मला ते ऐकलं की राग येतो. पायदळात रीत अशी, की लढाईला तोंड लागलं की वाद्यं पेट्यांत बंद होतात आणि बँडवाल्यांच्या हातात स्ट्रेचर येतं. गोळीबार चालू असताना जखमींना उचलून डॉक्टरपर्यंत आणायचं काम त्यांचं. बाकीच्यांना निदान खंदकात डोकं खाली घालता येतं. स्ट्रेचरवाल्याला ताठ उभं राहून चालावं लागतं आणि उलटून मारायला त्याच्या हातात काही नसतं.

मामाची जोडी पिपाणीकाकांबरोबर लागली. मामा पुढे, काका मागे. पलटणीच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "तुम्ही दोघांनी पाऊल जुळवायचं नाही. पुढच्याचा डावा पडेल तेव्हा मागच्याचा उजवा पडला पाहिजे. पाय जुळले की स्ट्रेचर झुलतं आणि वरच्या माणसाच्या जखमेला हिसके बसतात." सांगायला सोपं होतं. पण या लोकांनी आठ वर्षं पाऊल जुळवण्यासाठीच शिव्या खाल्ल्या होत्या. मग डॉक्टरांनी स्ट्रेचरवर पाण्याने भरलेलं घमेलं ठेवलं आणि त्यांना मैदान ओलांडायला लावलं. पलीकडे पोचेपर्यंत घमेल्यात ओंजळभर पाणी उरलं होतं. बाकीचं सगळं काकांच्या विजारीवर. डॉक्टर ओरडले, "मेला हा माणूस! पुन्हा चला!" त्या दिवशी आम्ही घमेल्याला सतरा वेळा मारलं, असं काका सांगतात.

खोट ढोलातच होती. बँडमध्ये पावलं मोठा ढोल ठरवतो. आठ वर्षं काकांचे पाय मामाच्या ठेक्यावर पडले होते. मामाने कुठल्याही पायाने सुरुवात केली, तरी थोड्या वेळात काकांचे पाय गुपचूप येऊन त्याच्या पायांना मिळायचे.

घमेल्याची गोष्ट दोघेही रंगवून सांगायचे आणि तिथून पुढे दोघांचीही बोलती बंद व्हायची. लढाईत काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, हे मात्र सांगायची गरज नव्हती. तीन बोटांच्या हाताने क्लॅरिनेट वाजत नाही. काकांनी वाद्यदुरुस्तीचं दुकान काढलं. मामा पाणीखात्यात मीटर वाचायच्या नोकरीला लागला. एकट्याने दारोदार चालायचं काम, त्याला ते मानवलं.

चाळीस वर्षं दर शनिवारी दुपारी मामा त्या दुकानात जातो. लहानपणी मीही त्याच्या मागे लागून जायची. दुकान एका अरुंद खोलीत आहे. भिंतीवर खिळ्यांना लटकलेले बिगुल, फळीवर बुचाचे तुकडे आणि चाव्यांचे डबे, आणि सगळीकडे लाखेचा वास. काका क्लॅरिनेटच्या चाव्यांखालच्या जुन्या गाद्या काढून नव्या बसवतात. स्वतःला वाजवून बघता येत नाही, म्हणून ते नळीचं एक टोक तळहाताने बंद करतात, दुसरीकडून फुंकर मारतात आणि हवा कुठून गळतेय ते कान लावून ऐकतात. मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून शाळांच्या ढोलांच्या दोऱ्या आवळून देतो. गप्पा चालू असतात. आणि मध्येच काहीतरी बिनसल्यासारखे काका म्हणतात, "तुझं काय बाबा, तू पडलास पदकवाला." मामा खाली बघतो. हातातली दोरी आणखी घट्ट आवळतो.

माझा जळफळाट व्हायचा. मला वाटायचं, पदक मामाला मिळालं आणि यांना नाही, म्हणून हा माणूस चाळीस वर्षं टोमणे मारतोय. आणि मामा मुकाट ऐकून घेतोय. खरं सांगते, मला काका तेव्हा मुळीच आवडायचे नाहीत.

यंदा पलटणीतून एक जाडजूड लिफाफा आला. बँडला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. समारंभात मामाला आणि काकांना मंचावर बसवायचं ठरलं होतं आणि भाषण धाकटे साहेब करणार होते. धाकटे साहेब म्हणजे त्या लढाईत या दोघांनी शेवटी उचलून आणलेला जखमी अधिकारी. तेव्हा ते बावीस वर्षांचे, पलटणीत सगळ्यात तरुण, म्हणून हे नाव पडलं. आता नातवंडं खेळवतात, तरी धाकटे ते धाकटेच. त्यांनी भाषणाचा मसुदा पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, काही चुकलं असेल तर दोघांनी मिळून कळवा.

मामाचा चष्मा नेहमीप्रमाणे हरवलेला होता, म्हणून स्वयंपाकघरात बसून मीच वाचून दाखवत होते. मामी मटार सोलत होती. भाषणात एक वाक्य होतं, 'माझ्या जखमेला हिसका बसू नये म्हणून पुढचा माणूस त्या गोळीबारात चार वेळा थांबला.' मामाने टेबलावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"मी जाणार नाही," तो म्हणाला.

"का नाही जाणार?" मामी म्हणाली. "चांगला शर्ट इस्त्रीला टाकलाय मी."

तेव्हा, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, मामाने त्या दिवशी काय झालं ते आम्हाला सांगितलं.

टेकडीवरचा हल्ला पहाटे सुरू झाला होता. दुपार होईपर्यंत मामा-काकांनी दहा माणसं खाली आणली होती. पुढचा खंदक आणि डॉक्टर जिथे जखमी तपासत होते ते तळघर यांच्यामध्ये कापणी झालेलं एक शेत होतं. दोनशे पावलांचा उघडा पट्टा, लपायला एक झुडूप नाही. डावीकडच्या पडक्या घरांतून एक मशीनगन त्या पट्ट्यावर रोखलेली होती. धडधाकट माणसं तिथून वाकून धावत सुटायची. स्ट्रेचर घेऊन धावता येत नाही.

अकरावे जखमी धाकटे साहेब. पोटात गोळी. खंदकातल्या मदतनिसाने जखम बांधली आणि मामाला म्हणाला, "हिसका बसू देऊ नका. आत काय शाबूत आहे, सांगता येत नाही."

ते पट्ट्यात शिरले आणि मशीनगन सुरू झाली. मग जे झालं, ते बँडवाल्यांखेरीज दुसऱ्या कोणाच्या बाबतीत झालं नसतं. मशीनगनला ठेका असतो. मामा जीव मुठीत धरून चालत होता, डोक्यात काही नव्हतं, आणि त्याच्या पायांनी तो ठेका पकडला. त्याच्या पायांनी पकडला म्हणजे मागे काकांच्या पायांनीही पकडला. पाऊल जुळलं. स्ट्रेचर झुललं. साहेब किंचाळले.

"मग रे?" मी विचारलं.

"मग थांबलो."

चालता चालता पाय बदलायचा तर छोटी उडी मारावी लागते आणि त्या उडीचा हिसका सगळ्यात वाईट. म्हणून दोघांनी पुरतं थांबायचं, एक श्वास घ्यायचा आणि उलटसुलट पायांनी निघायचं. त्या आवाजात हाक मारून उपयोग नव्हता. मामा थांबला की मागे काकांच्या हातातले दांडे अडायचे, त्यावरून त्यांना कळायचं. तीस-चाळीस पावलं बरी जायची. मग मशीनगन पुन्हा बोलायला लागायची आणि पाय पुन्हा जुळायचे.

मी कुत्रा मागे लागला तर चप्पल टाकून पळते. आणि हा माणूस, जो घरात झुरळ निघालं की मामीला हाक मारतो, तो मशीनगनसमोर उघड्यावर उभा राहिला होता, कारण दुसऱ्याच्या पोटाला हिसका बसत होता. आणि एकदा नाही, चार वेळा. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मामाला माझं रडणं आवडलं नाही. "पुढचं ऐक," तो म्हणाला. "चौथ्या थांब्याला पिपाण्याची बोटं गेली. मला कळलंसुद्धा नाही. तो आवाज न करता उरलेली पन्नास-साठ पावलं चालला. तळघरात स्ट्रेचर खाली ठेवलं, मागे वळलो, तर त्याच्या हाताकडचा दांडा रक्ताने माखलेला. डॉक्टरांनी विचारलं, कधी लागलं? तो म्हणाला, शेवटच्या थांब्याला." मामाने टेबलावरचा लिफाफा दूर सारला. "ठेका माझा. थांबलो मी. बोटं त्याची गेली आणि पदक मला मिळालं. तो दर शनिवारी बोलून दाखवतो, ते मी ऐकून घेतो, ऐकायलाच हवं. पण आता चारचौघांत त्याच्या शेजारी बसून मी त्याच थांब्यासाठी टाळ्या घेऊ? तो उठून जाईल गं. पुन्हा तोंड बघणार नाही माझं. मला त्याच्याशिवाय दुसरा मित्र आहे का?"

मला कानकोंडं झालं. ज्या टोमण्यांसाठी मी काकांवर मनातल्या मनात दात ओठ खात होते, ते टोमणे मामा स्वतःची शिक्षा म्हणून घेत होता.

मामीने हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "माफी मागितलीत कधी?"

"नाही."

"चाळीस वर्षं नुसत्या दोऱ्या आवळत बसलात." तिने शेंगांची टोपली बाजूला सारली. "आज शनिवार आहे. जा आणि बोला. आणि तू जा गं यांच्याबरोबर, नाहीतर कोपऱ्यावरून परत येतील."

मी लिफाफा घेतला आणि आम्ही निघालो. कोपऱ्यावर तो खरंच वळला, मी त्याला दंडाला धरून पुन्हा सरळ केलं.

काका दिव्याखाली मान घालून एका क्लॅरिनेटच्या चावीत स्प्रिंग बसवत होते. मामा स्टुलावर बसला नाही. दारातच उभा राहून, शाळेत पाठांतर म्हणणाऱ्या मुलासारखा, एका दमात बोलला. "पिपाण्या, साहेब समारंभात त्या थांब्यांबद्दल बोलणार आहेत. त्याआधी मला सांगू दे. चौथ्या वेळी मी थांबलो नसतो, तर तुझी बोटं राहिली असती. चूक माझी आहे. मला माफ कर."

काकांनी चिमटा खाली ठेवला. "काय म्हणालास? चौथ्या वेळी कोण थांबलं?"

"मी."

"तू?" काका उठले. मला वाटलं, आता हे मामाच्या अंगावर जाणार. "चौथा थांबा तुझा नव्हता. चौथ्या वेळी मी थांबलो."

मामाने दाराच्या चौकटीला हात टेकला.

"साहेबांचं डोकं माझ्या बाजूला होतं," काका म्हणाले. "तुला पुढचं शेत दिसत होतं, मला त्यांचं तोंड दिसत होतं. पहिल्या तीन वेळा तू थांबलास तेव्हा मी तुला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या, ते या पोरीसमोर सांगत नाही. म्हटलं, ढोल्याला वेड लागलंय, हा मला मारणार. चौथ्या वेळी पाय जुळले आणि तू चालतच राहिलास. तुझी चूक नव्हती. साहेबांना ओरडायचं त्राण उरलं नव्हतं, मग तुला ऐकू कसं येणार? नुसतं तोंड उघडलं होतं त्यांनी. ते मी पाहिलं. मी थांबलो. दांडे मागे ओढले गेले म्हणून तू थांबलास."

मामाचा हात मानेकडे गेला. स्ट्रेचरचा पट्टा मानेवरून घेतलेला असतो. "हिसका बसला होता," तो हळू म्हणाला. "मागे ओढला गेलो होतो मी. मला वाटलं, घाबरून माझेच पाय थिजले."

"पण मग साहेबांनी चार वेळा मामाच थांबला असं का लिहिलं?" मी विचारलं.

"त्यांना पडल्या पडल्या समोर याची पाठ दिसत होती. पाठ चार वेळा थांबली, त्यांनी चार लिहिले. त्यांचा काय दोष? पदकाच्या वेळी पत्रकातही तेच छापून आलं." काका मामाकडे वळले. "मला वाटलं, तुला माहीत आहे. मी वाट बघितली. म्हटलं, आज ना उद्या हा कोणाला तरी सांगेल, की त्यातला एक पिपाण्याचा होता. आणि तू आपला मूग गिळून गप्प. मग मी तुला पदकवाला नाही म्हणणार तर काय म्हणणार?"

"मला वाटलं, तू बोटांबद्दल बोलतोस," मामा म्हणाला.

"बोटं गेली खड्ड्यात!" काका ओरडले. भिंतीवरच्या एका बिगुलाची साखळी हलली. मग ते खाली बसले आणि त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "अरे, मी पहिल्यापासून भित्रा. तुला माहीत आहे. पहिल्या दहा खेपांत माझी पाचावर धारण बसली होती, तुझ्या पाठीकडे बघून चालत होतो. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, मी धीट झालो. कोणी सांगितलं नव्हतं. तू पण सांगितलं नव्हतंस. आपल्या मनाने थांबलो. दोन बोटं दिली त्यासाठी, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आणि ते तू तुझी चूक म्हणून चाळीस वर्षं उरावर घेऊन फिरतोयस? ती चूक नाही, ढोल्या. ते माझं आहे. परत दे मला ते."

मामा स्टुलावर टेकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. तो म्हणाला, "एवढा राग होता, तर दर शनिवारी मला इथे बसू का दिलंस?"

"मग कोणाला बसवू?" काका म्हणाले. "त्या दिवशी तिथे आणखी होतं कोण?"

मी तोंड फिरवून बिगुल मोजत बसले. काकांबद्दल मी इतकी वर्षं जे जे मनात आणलं होतं, त्याची मला लाज वाटत होती.

"पेन आहे का तुझ्याकडे?" मामाने मला विचारलं. काकांनी कामाच्या फळीवरचे स्क्रू हाताने बाजूला सारले आणि जागा करून दिली. मसुद्यातलं ते वाक्य मी खोडलं. मामा सांगत गेला, मी समासात लिहीत गेले. 'पहिल्या तीन वेळा पुढचा माणूस थांबला. चौथ्या वेळी तो चालत राहिला होता. तेव्हा मागचा माणूस थांबला. त्याला कोणी थांबायला सांगितलं नव्हतं. त्या थांब्याला त्याच्या हाताला गोळी लागली आणि तसाच तो शेवटपर्यंत चालला.' खाली मामाने सही केली. काकांना सही करायला दिलं, तर त्यांचं पेन कागदावर टेकेचना.

"आधी वाचून दाखव," ते मला म्हणाले.

मी वाचलं. ते डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून ऐकत होते.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. मामा स्टुलावरून उठून त्यांच्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणखी एकदा," काका म्हणाले. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.